लिब्रिव्हॉक्स: अनोळखी लोकांसमोर, कामाच्या जागी, स्पीकरवर ऑडिओबुक लावायचं असेल तर

आधीच सांगून टाकते, घरी पडल्या पडल्या किंवा कानात इअरफोन खुपसून ऐकणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाहीये, त्यांना लिब्रिव्हॉक्स ही फुकट ऑडिओबुकांची साइट कदाचित आवडणारही नाही. मी केस कापते. दिवसभर उभं राहून काम, खुर्चीत दर अर्ध्या पाऊण तासाला नवा माणूस, मागे बाकावर दोन चार जण वाट बघत बसलेले, त्यातले निम्मे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. आणि आमच्याकडे गाण्यांऐवजी ऑडिओबुक चालू असतं, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. इअरफोन घालता येत नाही कारण 'कानामागे जरा अजून कमी करा' हे ऐकू आलं पाहिजे ना. तर अशा जागेसाठी कुठली पुस्तकं लावावीत, कुठून आणावीत आणि कुठली चुकूनही लावू नयेत हे लिहायचंय. माझ्यासारखं काम नसेल, तुम्ही फ्रेमिंग करत असाल, शिवणकाम करत असाल, लोकांच्या घरात भिंती रंगवत असाल तरी बरंचसं लागू पडेल. पण खुर्चीचा प्रकार जरा वेगळा आहे, कारण गळ्याभोवती कापड बांधलेल्या, डोकं अर्धं कापलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, त्याला जे लावलंय ते ऐकावंच लागतं आणि त्याचा चेहरा मला समोर आरशात दिसत असतो, लपत काही नाही.

लिब्रिव्हॉक्स म्हणजे काय ते थोडक्यात. ह्यू मॅकग्वायर नावाच्या माणसाने २००५ साली कॅनडातल्या माँट्रियलमधून सुरू केलेली ही साइट, कॉपीराइट संपलेली पुस्तकं जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी बसून मोठ्याने वाचतात, रेकॉर्ड करतात आणि ती सगळ्यांसाठी फुकट ठेवलेली असतात. लॉगिन नाही, कार्ड नंबर नाही, ट्रायल संपली आता पैसे भरा नाही. पुस्तकाच्या पानावर जायचं, प्रत्येक प्रकरणाची वेगळी एमपीथ्री असते, नाहीतर सगळ्याची एक झिप, उतरवून घ्यायची, झालं. यादीत हजारोंनी पुस्तकं आहेत, इंग्रजी सगळ्यात जास्त, त्याखालोखाल जर्मन, स्पॅनिश, फ्रेंच वगैरे. मराठीच्या आशेने इथे येऊ नका. आमच्याकडे येणाऱ्यांच्या भाषा इतक्या वेगवेगळ्या आहेत की इंग्रजीच त्यातल्या त्यात सगळ्यांना पोचते, त्यामुळे माझं भागतं.

आता मुख्य मुद्दा, पैसे भरून घेतलेलं चांगलं ॲप असताना इथे का यायचं? एक तर परवानगी. हा भाग कंटाळवाणा आहे पण कोणी सांगत नाही म्हणून सांगते. पैसे भरायच्या जवळपास सगळ्या ऑडिओबुक ॲप्सच्या अटी कधी उघडून बघा, त्यात वैयक्तिक आणि बिगर व्यावसायिक वापर असं लिहिलेलं असतं. म्हणजे पुस्तक तुम्ही विकत घेतलं तरी ते तुमच्या कानांसाठी, धंद्याच्या जागी गिऱ्हाइकांना ऐकवायसाठी नाही. गाण्यांना जसं धंद्याच्या ठिकाणी वेगळं लायसन्स लागतं त्यातलाच प्रकार. लिब्रिव्हॉक्सवाले मात्र आपलं रेकॉर्डिंगच सार्वजनिक करून टाकतात, वाचणाऱ्याने स्वतःचा हक्क सोडलेला असतो, कुठेही लावा. एक गोष्ट फक्त लक्षात ठेवायची की ते अमेरिकेचा कायदा धरून चालतात, तिथे जुन्या पुस्तकांना छापल्यापासून ९५ वर्षांचा हिशोब असतो, आणि बाकी बऱ्याच देशांत लेखक वारल्यानंतर कुठे ५०, कुठे ६०, कुठे ७० वर्षं. म्हणून मी सोपं करून टाकलंय, लेखक (आणि भाषांतर असेल तर भाषांतरकार पण) जाऊन ७० वर्षं उलटलीयेत का एवढं बघते. विनोदी लेखक वुडहाउस १९७५ ला गेले, त्यांची सुरुवातीची पुस्तकं साइटवर आहेत पण ६०-७० वर्षांवाल्या देशात ती अजून मोकळी नाहीत, म्हणून यादीतून बाहेर, मला आवडत असूनही.

दुसरं कारण गमतीशीर आहे. लिब्रिव्हॉक्सबद्दल लोक ज्या तक्रारी करतात ना, त्याच कामाच्या जागी फायद्याच्या ठरतात. तक्रार पहिली, वाचणारे हौशी असतात, अभिनय नसतो, सपाट वाचतात. अहो तेच तर पाहिजे! पैसेवाल्या ऑडिओबुकात नट घेतलेले असतात, ते रडतात, किंचाळतात, कुजबुजतात, धापा टाकतात, एकटं ऐकताना अंगावर काटा येतो मान्य, पण विचार करा, दारातून नवीन गिऱ्हाईक आत आलं आणि त्याच क्षणी स्पीकरमधून एक बाई हुंदके देतेय, मागचं पुढचं काही माहीत नाही, त्या माणसाला वाटतं इथे कोणाचं काहीतरी झालंय. शिवाय कुजबुज ऐकायला आवाज वाढवायचा आणि पुढच्या वाक्याला किंकाळी आली की धावत जाऊन कमी करायचा, हातात कात्री असताना. सपाट वाचणारा माणूस एका पट्टीत वाचतो, आवाज एकदा लावला की दिवसभर हात लावायला नको.

तक्रार दुसरी, एकाच पुस्तकात प्रत्येक प्रकरणाला आवाज बदलतो, कारण पाच पंधरा जणांनी मिळून वाचलेलं असतं. घरी सलग ऐकणाऱ्याचा रसभंग होतो, खरंय. पण माझं गिऱ्हाईक एक किंवा दोन प्रकरणं ऐकून जाणार आहे, त्याला काय फरक पडतो. तरी मी एकाच माणसाने वाचलेलं निवडते कारण मला स्वतःला ते आख्खं ऐकायचं असतं, साइटवर शोधताना 'सोलो' असा पर्याय आहे तो लावायचा. 'ड्रॅमॅटिक रीडिंग' असेल ते टाळा, त्यात प्रत्येक पात्राला वेगळा माणूस असतो आणि प्रत्येकाचा माइक वेगळ्या दर्जाचा, एक विहिरीतून बोलतोय आणि दुसरा तोंडाला माइक चिकटवून, गोंगाटाच्या जागी अर्धे संवाद गायबच होतात.

तक्रार तिसरी, प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ती ठरलेली घोषणा असते, हे लिब्रिव्हॉक्सचं रेकॉर्डिंग आहे, सगळी रेकॉर्डिंग सार्वजनिक आहेत, वगैरे, मग पुस्तकाचं नाव, लेखक, वाचणाऱ्याचं नाव. घरी तीसाव्यांदा ऐकताना डोकं उठतं. पण बाकावर बसलेल्या माणसाला आपोआप कळतं की हे काय चाललंय, कोणाचं आहे. आधी दर दुसरं गिऱ्हाईक विचारायचं, हे काय लावलंय, बातम्या आहेत का? आता फार कमी विचारतात.

ओके, आता पुस्तकं. इथे सगळ्यात मोठा गैरसमज असा की जुनं क्लासिक आहे म्हणजे सोवळं असणार, काही वावगं नसणार. अजिबात नाही. शेरलॉक होम्सचंच घ्या, अनोळखी लोकांसमोर लावायला याहून बरं काय असणार असं वाटतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, लघुकथा ५६ आहेत, प्रत्येक स्वतंत्र, साधारण पाऊण ते एक तासाची, आणि लेखक १९३० मध्ये गेलेत त्यामुळे तोही प्रश्न नाही. पण चार कादंबऱ्यांतली 'द साइन ऑफ फोर' लावली तर पहिल्याच पानावर होम्स बाही वर करून कोकेनचं इंजेक्शन टोचून घेतोय. पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट', १८८७ ची, तिच्या उत्तरार्धात मॉर्मन पंथाचे लोक सरळ सरळ खलनायक म्हणून रंगवलेत, आणि बाकावर कोण बसलंय हे आपल्याला कुठे माहीत असतं. लघुकथांमध्ये पण 'द कार्डबोर्ड बॉक्स' म्हणून एक आहे, त्यात एका बाईला पोस्टाने खोका येतो आणि त्यात मिठात ठेवलेले दोन कापलेले कान निघतात. कान! मी कोणाच्यातरी कानाशेजारी कात्री चालवत असताना! 'द इंजिनियर्स थंब' मध्ये अंगठा तुटतो. हे दोन्ही केस कापायच्या जागी सक्त मना.

याउलट 'द रेड हेडेड लीग', १८९१ ची, लाल केसांच्या माणसांनाच नोकरी देणाऱ्या एका विचित्र संस्थेची गोष्ट, खून नाही, रक्त नाही, शिवाय विनोद आहे आणि विषय केसांचा. कलर लावायला बसलेल्यांसाठी मी हीच ठेवते कारण कलरला तास दीड तास लागतोच आणि गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून होते. 'द ब्लू कार्बंकल' पण तशीच, निर्धास्त लावा. हा वेळेचा हिशोब लोक करतच नाहीत. ज्याला वीस मिनिटं बसायचंय त्याला बारा तासांच्या कादंबरीचा मधला तुकडा ऐकवून काय उपयोग, त्याला ना पात्रं माहीत ना काय चाललंय ते. कामाच्या जागी लावायचं पुस्तक असं पाहिजे की कुठूनही शिरता आलं पाहिजे आणि कुठेही सोडून जाता आलं पाहिजे. रहस्य टांगून ठेवणाऱ्या कादंबऱ्या या कसोटीत नापास, कितीही चांगल्या असल्या तरी, कारण केस झाले, पैसे दिले, आणि खुनी कोण ते न कळताच माणूस बाहेर. एक आजोबा शेवट ऐकायला परत बाकावर जाऊन बसले होते, ठीक आहे, गोड वाटतं, पण शनिवारी बाकावर जागा नसते हो.

विनोदी पुस्तकं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे, लोक सांगतात विनोदी लावा, सगळ्यांना चालतं. चालतं, पण वस्तरा मानेवर असताना माणूस खदाखदा हसला तर? हसताना खांदे उडतात, मान हलते. त्यामुळे जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) मी फक्त शाम्पूच्या वेळेला लावते. पुस्तक म्हणून या कामाला फार छान आहे, बोटीची सहल हे नावापुरतंच, प्रत्येक प्रकरणात दोन तीन सुटे किस्से, तिसऱ्या प्रकरणातला भिंतीवर फोटो टांगणारा पॉजर काका तर कुठल्याही देशातल्या कुठल्याही घरात सापडेल. पण त्यातही सोळाव्या प्रकरणात काहीच कल्पना नसताना नदीत एका बाईचं प्रेत तरंगत येतं आणि तिची सगळी दुर्दैवी कहाणी सांगितली जाते. हसता हसता एकदम खोलीत शांतता. पुस्तकात ते असणं बरोबर असेल, लेखकाला काय म्हणायचंय तेही कळतं, पण ज्याने आधीची हसवणारी प्रकरणं ऐकलीच नाहीत आणि जो फक्त तेवढ्याच दहा मिनिटांसाठी खुर्चीत आलाय त्याच्यासाठी ते नाही. मी सोळावी फाइल फोल्डरमधून काढूनच टाकलीये. सुट्या एमपीथ्रीचा हा फायदा, ॲपमध्ये एक प्रकरण कायमचं वगळता येत नाही.

ओ. हेन्रीच्या कथा वेळेच्या हिशोबात एकदम फिट, दहा पंधरा वीस मिनिटांच्या, आणि शेवटी कलाटणी असल्यामुळे ऐकणाऱ्याला काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं. 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' तर काय, बायको आपले लांबसडक केस विकते त्याच्यावरच आहे, केसांच्या दुकानात याहून योग्य काय लावणार. पण! खुर्चीत कोण आहे ते बघून. आमच्याकडे औषधोपचारांमुळे केस जायला लागलेल्या बायका पण येतात, उरलेले कापून टाकायला. त्या वेळी ही कथा नाही. त्या वेळी खरं तर काहीच नाही, स्पीकर बंद, त्यांना बोलायचं असेल तर बोलू दे. हे कुठल्याही ॲपच्या रेटिंगमध्ये नसतं, सगळ्यांसाठी योग्य असा शिक्का असलेली गोष्टही एखाद्या ठराविक माणसासमोर अयोग्य असते.

शिव्या आणि जुने शब्द, हे अजून एक. मार्क ट्वेनचं 'हकलबरी फिन' थोर पुस्तक आहे, गुलामगिरीच्या विरोधातच आहे, पण त्यात काळ्या लोकांसाठीचा तो अपमानकारक शब्द दोनशेहून जास्त वेळा येतो. लिब्रिव्हॉक्सवाले मजकुरात काटछाट करत नाहीत, लेखकाने लिहिलं तसं वाचतात, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. पण पुस्तकाचा हेतू समजायला ते पूर्ण ऐकावं लागतं आणि स्पीकरखालून चालत जाणाऱ्याला फक्त तो शब्द ऐकू येतो. घरी ऐका, कामावर नको. जुन्या प्रवासवर्णनांत पण हे फार, जिथे गेले तिथल्या लोकांना सरसकट रानटी म्हणायची त्या काळातली सवय.

मग आधी तपासायचं कसं, आख्खं पुस्तक ऐकत बसायला वेळ कोणाकडे आहे? यावर माझा जुगाड सांगते आणि हा फक्त अशा जुन्या पुस्तकांनाच चालतो. लिब्रिव्हॉक्सवर बहुतेक पुस्तकांच्या पानावरच मूळ मजकुराची लिंक असते, बरेचदा प्रोजेक्ट गटेनबर्गची, म्हणजे जुन्या पुस्तकांचा मजकूर फुकट ठेवणाऱ्या साइटची. तो मजकूर उघडायचा आणि ब्राउझरमधल्या शोधात शब्द टाकत जायचे, शिव्या, रक्त, प्रेत, आत्महत्या, पंथांची आणि वंशांची नावं, जे जे तुम्हाला नको असेल ते. पाच मिनिटांत कळतं कुठल्या प्रकरणात काय आहे. विकतच्या ऑडिओबुकला ही सोय नाही, तिथे लोकांच्या रिव्ह्यूवर विसंबायचं, आणि लोक आपल्या एकट्याच्या कानांचा रिव्ह्यू लिहितात, 'एका बैठकीत संपवलं, रात्रभर झोप नाही' ही त्यांची तारीफ म्हणजे माझ्यासाठी धोक्याची पाटी.

सगळ्यात चांगलं चालतं ते काय विचाराल तर निसर्ग आणि प्रवास, गोष्टींची पुस्तकं नाहीतच. झां आंरी फाब्र हा फ्रेंच माणूस, १९१५ मध्ये गेला, आयुष्यभर किडे बघत बसला आणि त्यांच्यावर दहा खंड लिहिले, कोळी, गांधीलमाश्या, नाकतोडे. इंग्रजी भाषांतरं लिब्रिव्हॉक्सवर आहेत. मला वाटलं होतं किडे म्हटल्यावर लोक नाकं मुरडतील, पण कोळ्याने जाळं कसं विणलं हे ऐकताना बाकावरचे लोक फोन खाली ठेवतात, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. मारामारी नाही, राजकारण नाही, दोन मिनिटं लक्ष गेलं तरी काही बुडत नाही. खंडोबाचा किडा म्हणतात ना, प्रेइंग मँटिस, त्याची मादी मिलनानंतर नराला खाऊन टाकते तो भाग लागला की मात्र नवरा बायको एकत्र आलेले असतील तर टोमणे सुरू होतात, चालतंय. माश्यांवरचं पुस्तक सोडा, त्यात सडलेलं मांस आणि अळ्या भरपूर.

दुसरं, जोशुआ स्लोकमचं 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'. हा कॅप्टन १८९५ मध्ये बॉस्टनहून 'स्प्रे' नावाच्या छोट्या शिडाच्या बोटीतून एकटाच निघाला आणि १८९८ मध्ये पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परत आला, असं करणारा पहिला माणूस. भाषा कोरडी, विनोद गालातल्या गालात, मानेवर वस्तरा असताना लावला तरी धोका नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाची प्रकरणं तेवढी आधी बघून ठेवा, तिथल्या लोकांनी रात्री बोटीवर चढू नये म्हणून हा डेकवर खिळे पसरून झोपतो, ऐकायला मजा येते पण तिथेच ते रानटी वगैरे शब्द पण आहेत.

न लावायच्या गोष्टी पटापट सांगते. धर्म कुठलाच नाही, स्वतःचा तर नाहीच. राजकारणी लोकांची चरित्रं नाहीत, खुर्चीत वाद सुरू झाला तर माझा हात थांबतो आणि मागची रांग वाढते. सेल्फ हेल्प नाही, हे जरा अनपेक्षित वाटेल कारण ते सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, पण वजन कमी कसं करावं हे लागलेलं असताना जाडसर माणूस आत आला की त्याला वाटतं मुद्दाम लावलंय. पैशाचं नियोजन, तरुण कसं दिसावं, सगळं त्यातलंच. आजारपण आणि मृत्यूवरच्या आठवणी नाहीत. भुताच्या गोष्टी नाहीत, लहान मुलं येतात आणि त्यांना आधीच कात्रीची भीती असते.

जाता जाता एक भन्नाट गोष्ट. कामाच्या जागी पुस्तक ऐकायची ही कल्पना आजची नाहीच. क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगार सिगार वळत असताना एक माणूस उंच जागी बसून मोठ्याने वाचायचा, आधी पेपर, मग कादंबरी, त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून वर्गणी काढून द्यायचे आणि कुठलं पुस्तक वाचायचं ते कामगारच मतदानाने ठरवायचे. फ्लोरिडातल्या टँपामध्येही हे होतं, तिथे १९३१ मध्ये मालकांनी बंद पाडलं आणि रेडिओ आणला. फरक एवढाच की ते सगळे रोजचे, ओळखीचे लोक होते, मत देऊ शकत होते. माझ्या खुर्चीतल्या माणसाला मत नाही. म्हणून मी बसवतानाच विचारते, चालू ठेवू का बंद करू. बहुतेक जण ठेवा म्हणतात. नको म्हणालं की बंद, लगेच, चेहरा न पाडता.

आता आवाज. बोलणं आणि संगीत यात फरक आहे, समजणारं बोलणं कानावर पडत असलं की डोक्यातलं दुसरं काम मागे पडतं, वाचणं, आकडे लक्षात ठेवणं वगैरे, यावर मानसशास्त्रात बरंच संशोधन झालेलं आहे. त्यामुळे तुमच्या शेजारी कोणी हिशोब करत असेल, मजकूर तपासत असेल तर कृपया स्पीकर लावूच नका, पुस्तक कितीही सभ्य असू दे. हातकाम वेगळं, तिथे चालतं. आणि आवाज इतका पाहिजे की ऐकायचं ठरवलं तर शब्द कळावेत आणि नाही ठरवलं तर दुर्लक्ष करता यावं. एकच मोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवून वाढवण्यापेक्षा दोन छोटे जवळ ठेवून कमी आवाजात लावणं कधीही बरं. ड्रायर चालू झाला की मात्र सरळ पॉज, ड्रायरच्या वर आवाज चढवायच्या भानगडीत पडू नका, स, फ, थ असली अक्षरं आधी बुडतात आणि उरतो तो नुसता घों घों. केस धुताना कानातलं श्रवणयंत्र काढून ठेवणारे लोक असतात, त्यांच्यासाठी तर हे बोलणं म्हणजे निव्वळ गोंधळ, माझं बोलणं पण त्यात हरवतं, त्यांच्यासाठी पण बंद.

लिब्रिव्हॉक्सची खरी कमजोरी रेकॉर्डिंगच्या दर्जात आहे आणि ती मान्य करायला हवी. विकतच्या ऑडिओबुकला आवाजाची पातळी, मागची खरखर किती चालेल याचे कडक नियम असतात, इथे पण आवाजाची पातळी सांगितलेली आहे पण वाचणारा घरच्या खोलीत बसलाय, त्यामुळे कुठे खरखर, कुठे पान उलटल्याचा आवाज, एका पुस्तकात मागे कुत्रा भुंकतो आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक दाराकडे बघतं. उतरवायच्या आधी पहिली दोन मिनिटं आणि मधलं एखादं प्रकरण फोनच्या साध्या स्पीकरवर ऐका, इअरफोनवर नाही, फोनच्या स्पीकरवर कळलं तर दुकानात कळणार.

लिब्रिव्हॉक्सच्या नावाने जी ॲप्स मिळतात ती दुसऱ्यांनी बनवलेली आहेत, काहींमध्ये जाहिराती येतात, आणि शांत वाचन चालू असताना अचानक गेमची जाहिरात तिप्पट आवाजात वाजली की सगळे दचकतात, मी मुद्दाम कात्रीवरून सांगते हे, दचकणं आम्हाला परवडत नाही. फाइली उतरवा आणि सिम नसलेल्या जुन्या फोनवर टाका, फ्लाइट मोड, फक्त ब्लूटूथ चालू. स्वतःचा रोजचा फोन जोडला की कोणाचा तरी कॉल स्पीकरवर घुमतो. एका विकतच्या ॲपने, नाव राहू दे, पुस्तक संपल्यावर आपणहून दुसऱ्याच पुस्तकाचा नमुना सुरू केला होता आणि ते दुसरं पुस्तक काय प्रकारचं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून जे काय वाजणार ते माझ्या फोल्डरमधलंच.

स्टार द्यायचे तर घरी ऐकायला पाचपैकी अडीच, अनोळखी लोकांसमोर कामाच्या जागी लावायला साडेचार. अर्धा कापला तो शोधण्याच्या सोयीसाठी, वीस मिनिटांच्या आतलं दाखव असं साइटला विचारताच येत नाही. त्यावर उपाय म्हणून 'शॉर्ट नॉनफिक्शन कलेक्शन' नावाचे त्यांचे संग्रह शोधा, बरेच खंड आहेत, प्रत्येकात वेगवेगळ्या लोकांनी आपल्या आवडीचे छोटे लेख वाचलेत, पक्षी, प्रवास, यंत्रं, पत्रं, भाषणं, काय वाट्टेल ते. आख्खा खंड लावू नका कारण मध्येच एखादं युद्धाचं वर्णन नाहीतर प्रवचन निघतं, पण पानावर प्रत्येक लेखासमोर त्याची वेळ मिनिट सेकंदात दिलेली असते, ती बघून दाढीला पुरतील ते एका फोल्डरमध्ये, केस कापायला पुरतील ते दुसऱ्यात आणि कलरचे तिसऱ्यात टाकून ठेवा, मग सकाळी फक्त फोल्डर निवडायचं असतं.